मसुराचं मडकं आणि दोरीला बांधलेलं केळं

अथेन्सच्या कुंभारवाड्यातून एक तिशीतला माणूस मसुराच्या कढणाने भरलेलं मडकं घेऊन चालला आहे. इसवी सनापूर्वी चौथं शतक संपत आलं आहे. माणूस सायप्रसचा, नाव झेनो. मूळचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा महागडा माल भरलेलं त्याचं गलबत बुडालं आणि तो अथेन्सला येऊन पडला. तिथे एका पुस्तकाच्या दुकानात त्याच्या कानावर सॉक्रेटिसाच्या गोष्टी पडल्या. अशी माणसं आता कुठे भेटतात, असं त्याने दुकानदाराला विचारलं. नेमका समोरून क्रेटीस नावाचा फाटका तत्त्वज्ञ चालला होता. दुकानदाराने त्याच्याकडे बोट दाखवलं. झेनो त्याच्या मागे गेला तो गेलाच.

हा क्रेटीस वाडवडिलांची संपत्ती वाटून टाकून रस्त्यावर राहणारा. झेनो मात्र कमालीचा भिडस्त. ती भीड घालवायला क्रेटीसने त्याच्या हातात ते मडकं दिलं आणि भर वस्तीतून न्यायला सांगितलं. झेनो लाजेने ते अंगरख्याआड लपवायला लागला. क्रेटीसने काठीचा एक फटका मारून मडकं फोडलं. कढण मांडीवरून पोटऱ्यांवर ओघळलं आणि झेनो पळत सुटला. मागून क्रेटीस ओरडतोय, अरे पळतोस कशाला, तुला झालंय काय एवढं?

ही हकिगत डायोजिनीस लेअर्टियस या चरित्रकाराने पाच-एकशे वर्षांनंतर लिहिली. तेव्हा तिला तिखटमीठ लागलेलं असणारच. पण हाच झेनो पुढे अथेन्समधल्या रंगीत चित्रांच्या ओसरीत बसून शिकवायला लागला. त्या ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणत, म्हणून त्याची माणसं स्टोइक.

आता तिथून थेट विसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये या. मॅनहॅटनच्या रस्त्यावर एक नीटनेटका माणूस दोरीला केळं बांधून, कुत्रं फिरवावं तसं ते फिरवतो आहे. दुसरा कुणी भुयारी रेल्वेत उभा राहून प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारतो आहे आणि कहर म्हणजे नंतर उतरतही नाही, त्याच डब्यात सगळ्यांच्या नजरा झेलत बसून राहतो. हे वेडे नव्हेत. हे अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाचे रुग्ण. ‘लोक काय म्हणतील’ या आजारावर एलिसनी दिलेला हा गृहपाठ. लोक बघतात, हसतात, काही जण तोंड फिरवतात. आभाळ कोसळत नाही. हे कुणी समजावून सांगितलं तर माणूस मान डोलावतो आणि विसरतो. केळं फिरवून आलेला माणूस विसरत नाही.

मडकं आणि केळं यांच्यामध्ये सुमारे २३०० वर्षांचं अंतर आहे आणि तरी दोन्ही गोष्टी अगदी सख्ख्या आहेत. ते नातं शोधताना एक गुलाम, एक सम्राट, ब्रह्मदेशाचे महालेखापाल आणि इगतपुरीची टेकडी एकाच वाटेवर भेटतात. मला तरी ही विचारांच्या इतिहासातली सगळ्यात अजब वाटांपैकी एक वाटते.

एलिस (१९१३–२००७) स्वतः पक्के लाजाळू. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्याने वारंवार हॉस्पिटलात पडून राहिलेले. मुलींशी बोलायचं तर दातखीळ बसायची. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली कुठलीही स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायचं, असा नियम. त्यांच्याच सांगण्यानुसार महिन्याभरात १३० जणी झाल्या. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही! हिशेबाने पाहिलं तर शंभर टक्के अपयश. पण भीती गेली, कारण ज्याची भीती होती ते सगळं घडून गेलं होतं आणि ते जिवंत होते.

पुढे ते मनोविश्लेषक झाले आणि कोचावर पडून वर्षानुवर्षं बालपण उकरणाऱ्या रुग्णांना फारसा गुण येत नाही, हे पाहून वैतागले. १९५५ मध्ये त्यांनी आपली वेगळी पद्धत काढली. तिचा पाया त्यांना फ्रॉइडमध्ये सापडला नाही, तो कोवळ्या वयात वाचलेल्या एपिक्टेटसमध्ये सापडला.

एपिक्टेटस म्हणजे गुलामगिरीत वाढलेला, पायाने अधू, रोममधला तत्त्वज्ञ. त्याचा धनी सम्राट नीरोच्या पदरी होता. गुलामगिरीतून सुटल्यावर तो शिकवू लागला. पहिल्या शतकाच्या अखेरीस सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केलं, तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. एरियन नावाच्या शिष्याने वर्गातली टिपणं काढली म्हणून आपल्याला तो ठाऊक आहे. त्याच्या शिकवणीचा एक खांब असा, की माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनेबद्दल त्याने मनाशी जो निवाडा केलेला असतो तो त्रास देतो.

एलिसनी याचा तीन पायऱ्यांचा सोपा हिशेब केला. आधी घटना, मग तिच्याबद्दलची आपली समजूत आणि शेवटी भावना. आपण मधली पायरी गाळून पहिलीवरून तिसरीवर उडी मारतो. ‘साहेबांनी चारचौघांत झापलं म्हणून मी खचलो’, असं आपण म्हणतो. एलिस विचारतील, साहेबांनी झापलं आणि तू स्वतःला काय सांगितलंस? तिथे बहुतेक वेळा एक ‘च’ दडलेला सापडतो. लोकांनी मला मान दिलाच पाहिजे. माझं काम निर्दोष झालंच पाहिजे. आयुष्य सरळ चाललंच पाहिजे. या ‘च’शी भांडायला ते शिकवत, बऱ्याचदा शिव्या हासडत, कधी विडंबनगीतं म्हणत. मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ‘विवेकनिष्ठ’ या नावाने ही विचारपद्धती आपल्याकडे रुजवली. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी तर अनेकांच्या घरी असेल.

एलिस न्यूयॉर्कमध्ये भांडत होते, त्याच सुमारास फिलाडेल्फियात ॲरन बेक हे दुसरे मनोविश्लेषक निराळ्याच वाटेने तिथेच येऊन पोचले. बेक स्वभावाने शांत, बो टाय लावणारे, सगळं मोजून बघणारे. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. ते सिद्ध करायला बेकनी नैराश्यग्रस्तांची स्वप्नं तपासली. स्वप्नांत राग ओतप्रोत सापडायला हवा होता. सापडलं वेगळंच. हरणं, गमावणं, हवी ती गोष्ट हातातून निसटणं. बेकनी सिद्धांताला चिकटून न राहता पुरावा मानला. मग एका रुग्ण बाईंशी बोलताना त्यांना कळलं, की बाई तोंडाने एक सांगताहेत आणि त्याच वेळी मनात दुसरीच पट्टी सरकते आहे, ‘डॉक्टरांना माझा कंटाळा आलाय.’ हे विचार कुणी बोलावलेले नसतात. आपसूक येतात, झरकन जातात आणि खरे मानले जातात. बेकची पद्धत त्या विचाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून पुरावा मागते. १९७९ मध्ये त्यांचं आणि सहकाऱ्यांचं नैराश्यावरच्या उपचाराचं पुस्तक आलं. त्यातही या विद्येचं तात्त्विक मूळ स्टोइकांकडे आहे, अशी सरळ कबुली आहे.

म्हणजे आज जगभरच्या दवाखान्यांत चालणारा, शेकडो चाचण्यांतून पारखलेला उपचार एका अधू गुलामाच्या वर्गातून निघाला. इथवरची गोष्टच मला पुरेशी थक्क करणारी वाटते. पण हा झाला एक झरा. दुसरा पूर्वेकडून येतो.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा गेला. राजा गेला म्हणजे बौद्ध संघाचा आश्रयदाता गेला. आता धर्म टिकायचा कसा? लेडी सयाडो या विद्वान भिक्षूंचं उत्तर त्या काळात क्रांतिकारक होतं. ध्यान ही मठातल्या भिक्षूंचीच मिरास राहू नये, ते संसारी माणसांनाही शिकवावं. त्यांच्या परंपरेत एक शेतकरी आचार्य झाले, सया तेजी. आणि त्यांचे शिष्य ऊ बा खिन हे सरकारी हिशेबनीस! ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते देशाचे महालेखापाल झाले. त्यांनी कचेरीतच कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाची सोय केली. जमाखर्चाच्या वह्या मिटून कारकून डोळे मिटून बसताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. लेखापरीक्षणाला आणि या ध्यानाला लागणारा स्वभाव एकच असावा, असं मला नेहमी वाटतं. जे आहे ते आहे तसं नोंदवायचं, आपल्या पदरचं काही मिसळायचं नाही.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण मारवाडी उद्योगपती आले, सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीने बेजार. मॉर्फिनच्या सुया टोचून घ्याव्या लागत आणि परदेशातल्या बड्या डॉक्टरांनीही हात टेकलेले. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून शिकायचंय, असं ऐकल्यावर ऊ बा खिननी त्यांना चक्क नकार दिला, अशी आठवण गोएंकाच सांगत. ही विद्या मन निर्मळ करण्यासाठी आहे, डोकेदुखी गेली तर तो आनुषंगिक लाभ. पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले. त्यांचं पहिलं शिबिर मुंबईतल्या एका धर्मशाळेत झालं. १९७६ पासून कसारा घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीत, धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं.

दहा दिवस मौन. फोन जमा. वही-पेन, पुस्तक काही नाही. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, तोही नाकपुड्यांच्या खालच्या चिमूटभर जागेवर. एवढं केलं की मन इतकं तिखट होतं म्हणे, की चौथ्या दिवशी ते डोक्यापासून पायापर्यंत फिरवायला लागल्यावर कातडीवरची बारीकशी हुळहुळही जाणवते. मग खरी गंमत सुरू होते. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. तासभर हलायचं नाही, असं ठरवून बसलेलं असतं. खाज वाढते, असह्य होते, आता मरणार असं वाटतं आणि मग ती आपोआप विरते. या परंपरेचा सगळा भार या शोधावर आहे. आपण शिवी ऐकून चिडतो असं आपल्याला वाटतं, पण शिवी आणि चिडणं यांच्यामध्ये शरीरात एक संवेदना उठते आणि आपली झटापट त्या संवेदनेशी चालते. ती नुसती पाहता आली तर झटापटीला जागा उरत नाही.

थांबा. घटना आणि भावना यांच्यामधली गाळलेली पायरी? हे आपण आत्ताच वाचलं. निकोपोलिसच्या गुरुजींनी तिथे ‘निवाडा’ ठेवला होता, इगतपुरीच्या गुरुजींनी ‘संवेदना’ ठेवली. दोघांनाही फट मात्र एकाच ठिकाणी सापडली.

हे दोन झरे एकत्र आले ते अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या आवारात. जॉन कबाट-झिन हे रेणवीय जीवशास्त्रातले डॉक्टरेट आणि हाडाचे ध्यानी. १९७९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्ग सुरू केला. डॉक्टरांनी ‘आता याहून जास्त काही करता येणार नाही’ म्हणून सोडलेले, जुनाट वेदनांचे रुग्ण तिथे येत. आठ आठवड्यांचा वर्ग, धर्माचं नाव नाही, बुद्धाची मूर्ती नाही. डोक्यापासून पायापर्यंत (तिथे पायापासून डोक्यापर्यंत) लक्ष फिरवण्याचा त्यांचा अभ्यास ऊ बा खिन यांच्या परंपरेशी नातं सांगतो. म्हणजे रंगूनच्या कचेरीतला पाठ अमेरिकेच्या इस्पितळात पोचला.

त्यांच्या वर्गाचा पहिला धडा असतो एक बेदाणा. तळहातावर घ्यायचा, जणू परग्रहावरून आलोय आणि ही वस्तू पहिल्यांदाच बघतोय असा. सुरकुत्या बघायच्या, उजेडात धरायचा, वास घ्यायचा, कानाशी नेऊन चुरगळायचा, मग जिभेवर ठेवून चावायची घाई न करता थांबायचं. एका बेदाण्याला पाच-दहा मिनिटं. आमच्या तासगावच्या बागायतदाराला हे दाखवलं तर तो आधी भाव विचारेल, ते सोडा. पण सम्राट मार्कस ऑरेलियसच्या टिपणवहीत जवळपास हाच धडा दुसऱ्या शतकात लिहून ठेवलेला आहे! पुढ्यात पक्वान्नं आली की तो स्वतःला सांगतो, हे माशाचं प्रेत, हे डुकराचं प्रेत. आणि फालेर्नियन ही रोमची सगळ्यात उंची वारुणी म्हणजे द्राक्षांच्या घडाचा रस. अंगावरचं जांभळं राजवस्त्र म्हणजे शिंपल्यातल्या प्राण्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. ज्या जांभळ्याचं गलबत बुडालं म्हणून झेनो तत्त्वज्ञ झाला, तेच जांभळं पाच शतकांनी त्याच्या पंथाचा सम्राट अंगावर घेऊन त्याची सालं सोलतोय.

दोन्हींत द्राक्षं आहेत, दोन्हींत वस्तूवर चढलेलं नाव आणि किंमत बाजूला सारून तिच्याकडे पाहणं आहे. फरकही आहे. मार्कसला वस्तूची भुरळ उतरवायची आहे, कबाट-झिनच्या वर्गात रोजच्या घासाची चव परत येते. एक वैराग्याकडे, दुसरा आस्वादाकडे. दोघं एका पंगतीत बसले असते तर छान जुंपली असती.

मग १९९० च्या दशकात गोष्टीला कलाटणी मिळाली. टोरंटोचे झिंडेल सीगल, वेल्समधल्या बँगोरचे मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीसडेल हे तिघे बेकच्या परंपरेतले संशोधक. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, की नैराश्यातून बरा झालेला माणूस पुन्हा पुन्हा त्यातच का पडतो? टीसडेल यांच्या संशोधनातून दिसलं होतं, की अशा माणसाच्या बाबतीत साधी उदासीही घातक ठरते. पावसाळी संध्याकाळी कुणालाही थोडं उदास वाटतं. पण ज्याला आधी आजार होऊन गेलाय, त्याच्या मनात त्या एवढ्याशा उदासीने जुने सगळे विचार एकदम जागे होतात. ‘मी कुचकामी’, ‘हे पुन्हा सुरू झालं’, ‘यातून सुटका नाही’. आणि ‘असं का होतंय मला’ याचा तो जितका खल करतो तितका खोल रुततो.

या तिघांना आणखी एक शंका आली आणि मला वाटतं ती या सगळ्या इतिहासातली सगळ्यात धारदार शंका आहे. बेकची पद्धत रुग्णाला विचार तपासायला शिकवते आणि रुग्ण बरे होतात. पण ते विचार चुकीचा ठरला म्हणून बरे होतात, की तपासण्याच्या निमित्ताने विचारापासून दोन पावलं मागे सरकतात म्हणून? मागे सरकणं हेच औषध असेल तर ते सरळच का शिकवू नये? तिघे वूस्टरला जाऊन कबाट-झिनचे वर्ग पाहून आले. सुरुवातीला बिचकले. आपण शास्त्रज्ञ, हे ध्यानबिन आपलं काम नव्हे. शेवटी स्वतः बसायला लागले.

२००० साली त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. नैराश्यातून बरे झालेले १४५ जण. तीन किंवा अधिक वेळा आजार होऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या ६६ टक्क्यांना तो उलटला, आठ आठवडे ध्यानाचा वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के. जवळपास निम्मं! पण दोनच वेळा आजार झालेल्यांना काहीच फायदा दिसला नाही. हा निकाल मला आकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. ज्यांचं मन त्याच त्या खोबणीत वारंवार घसरतं, त्यांना खोबण ओळखण्याचा उपयोग झाला. ज्यांना आजार दोनच वेळा झाला, त्यांची खोबण अजून तेवढी पडलीच नसावी. औषध कुणाला लागू पडलं नाही हे कळतं, तेव्हाच ते कशावर काम करतं याचा अंदाज येतो. २००४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेने या पद्धतीची अधिकृत शिफारस केली.

दोन पावलं मागे सरकण्याचा आणखी एक उपाय आहे आणि तो आपल्या घराघरांत मुलांना पाठ असतो. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते बोलतात कुणाशी? मनाशीच. मनाला हाक मारून, समजावून, कधी दटावून. ज्याला हाक मारता येते ते आपल्याहून वेगळं झालंच ना? तिकडे डॅन्यूबकाठच्या छावणीत, एकीकडे युद्ध आणि दुसरीकडे साम्राज्यभर पसरलेली साथ अशा दिवसांत मार्कसही स्वतःला ‘तू’ म्हणूनच लिहीत होता. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे प्रयोगात घेतलं. लोकांना ऐनवेळी परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. त्याआधी निम्म्यांनी ‘मला का भीती वाटतेय’ असा विचार करायचा, निम्म्यांनी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून. स्वतःला परक्यासारखं संबोधणाऱ्यांची भाषणं सरस ठरली आणि नंतर ‘छे, असं का बोललो’ हा घोळही त्यांनी कमी घातला. एक सर्वनाम बदललं, एवढंच.

इथे कुणाला वाटेल, की सगळे मार्ग शेवटी एकच. मला ते पटत नाही, आणि असं म्हणणं हा या माणसांचा अपमान आहे. एलिस विचाराशी भांडतात. विपश्यनेत विचाराशी भांडणं म्हणजे त्याला पाट मांडून बसवणं. दोघं एकमेकांना चूक म्हणतील आणि दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. ‘नोकरी गेली म्हणजे मी नालायक’ हा विचार भर दिवसा, डोकं ताजं असताना आला तर एलिसना बोलवा आणि पुरावा मागा. तोच विचार रात्री तीन वाजता शंभराव्यांदा आला तर वाद घालू नये. त्या वेळी तुमचा वकील झोपलेला असतो आणि विरुद्ध पक्षाचा टक्क जागा. तेव्हा नुसतं ‘आला’ म्हणावं आणि छातीवर पडलेलं ओझं शरीरात नेमकं कुठे आहे ते शोधावं.

आणि नुसतं बसणं वाटतं तितकं सोपं नसतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमोथी विल्सन यांनी लोकांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं. करमणुकीला काही नाही, फक्त एक बटण. दाबलं की विजेचा झटका. हाच झटका टाळायला आम्ही पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी बसल्या बसल्या तो स्वतःला देऊन घेतला! आपल्याच मनाच्या संगतीपेक्षा शॉक बरा.

याचा अर्थ सगळ्यांना धरून ध्यानाला बसवावं असा मात्र नाही. ब्रिटनमध्ये शाळेतल्या ११ ते १४ वर्षांच्या ८,००० हून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये आलेल्या निकालानुसार सजगतेच्या, म्हणजे अशाच ध्यानाच्या, तासांनी मुलांचं मानसिक स्वास्थ्य नेहमीच्या तासांपेक्षा सुधारलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. (कोण करेल!) काहींना ध्यानात जुने आघात उसळून येतात, घबराट होते, याच्याही नोंदी आहेत. मनाचा गंभीर आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, हे शिबिरवालेही सांगतात.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. लक्ष एकाग्र करता येणं हा गुण खिसेकापूकडेही असतो. दुसऱ्या महायुद्धात जपानमधल्या काही नामांकित झेन गुरूंनी सैन्याच्या आक्रमणाला उघड पाठिंबा दिला होता. अनेक वर्षांच्या ध्यानाने त्यांचं मन शांत झालं असेल, पण शांत मनाने काय करायचं हे त्या शांततेने सांगितलं नाही. म्हणून इगतपुरीत पहिल्या श्वासाच्या आधी पंचशील घेतात. हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही. स्टोइकही लक्ष देण्याला साधन मानत, त्यांचं साध्य न्यायाने वागणं. मार्कसच्या वहीत स्वतःच्या शांतीइतकाच समाजासाठी उपयोगी पडण्याचा घोष आहे. आजच्या कंपन्यांतल्या दुपारच्या वीस मिनिटांच्या सत्रांतून नेमकी हीच बाजू गळते. कामाचे तास चौदा का आहेत, हे विचारण्याऐवजी ते शांतपणे सोसायला शिकवलं जातं. ऊ बा खिन यांच्या वहीत हा खर्च कुठल्या सदरात पडला असता, कोण जाणे.

तत्त्वज्ञान दिशा विचारतं, मानसशास्त्र खरंच गुण येतोय का ते मोजतं. पण ती मधली पायरी दिसायला शेवटी बसावं लागतं, किंवा केळं घेऊन रस्त्यावर उतरावं लागतं. ते काम पुस्तक करत नाही, ॲपही करत नाही. एपिक्टेटस तर पोपटपंची करणाऱ्या विद्यार्थ्यांची सालटी काढायचा.

त्याच्या घरातला लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. त्याचं म्हणणं, उद्या मातीचा आणू, माणसाकडे असतं तेच जातं. एपिक्टेटस वारल्यावर, लूशियन नावाच्या टवाळ लेखकाने लिहून ठेवलंय, त्याचा मातीचा दिवा एका माणसाने ३,००० द्राख्मा मोजून विकत घेतला. रात्री त्याच्या उजेडात वाचत बसलं की एपिक्टेटसचं शहाणपण आपसूक अंगात उतरेल, अशी त्याची खात्री होती.